लाकडी पिलोन: मोफोंगो करणार असाल तर घ्या, एरवी पावभाजीचा स्मॅशर पुरे

अमेरिकेतल्या लॅटिनो किराणा दुकानात भांड्यांच्या फळीवर पिलोन, म्हणजे कॅरिबियन खलबत्ता, उभा असतो. खाली पसरट बैठक, मध्ये कंबर, वर खोल वाटी, आत जाडजूड बत्ता, सगळं लाकडाचं. किंमत साधारण 25 ते 60 डॉलर. न्यू जर्सीत एडिसनपासून जवळच्या पर्थ अँबॉयमध्ये पोर्तो रिकन आणि डोमिनिकन वस्ती मोठी आहे, त्यामुळे तिकडच्या मराठी घरांना हिरवं प्लँटेन (स्वयंपाकाचं मोठं, पिठूळ केळं) आणि पिलोन दोन्ही हाताशी. मग प्रश्न येतोच: घरात खलबत्ता असताना हा आणखी एक ठोकळा कशाला?

आधीच सांगून टाकतो. मोफोंगो वरचेवर होणार असेल तर घ्या, पैसे वसूल आहेत. मांगू, बोलोन वगैरे इतर ठेचलेल्या केळ्यांसाठी याची गरज नाही. आणि शोभेचा म्हणून घेणार असाल तर तो शोभेसाठीच ठेवा. त्यात कुटायला जाऊ नका, कारण तसा पिलोन पहिल्या दोन-चार वापरांतच तडकतो.

मोफोंगो म्हणजे हिरव्या प्लँटेनचे तळलेले तुकडे लसूण, मीठ, तेल किंवा डुकराची चरबी आणि चिचारॉन (डुकराची तळलेली कुरकुरीत कातडी) यांच्यासोबत ठेचून बांधलेला गोळा. तो गरम रश्श्यासोबत येतो, किंवा मध्ये खळगा करून कोळंबी, चिकन भरून येतो. गुळगुळीत लगदा झाला की मोफोंगो फसला. तोंडात वाटाण्याएवढे तुकडे लागले पाहिजेत आणि तरी गोळा सुटता कामा नये. मिक्सरमध्ये घातलं की हेच होतं: पातं केळ्याच्या पेशी चिरतं, बाहेर पडलेला स्टार्च चिकटतो आणि हाताला खळ लागल्यासारखं मिश्रण तयार होतं. फूड प्रोसेसरमध्ये ‘पल्स’ करून चालतं असं बरेच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. चालत नाही.

आता लाकूडच का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण खरेदीचा सगळा निर्णय त्यावर आहे. हिरव्या प्लँटेनमध्ये स्टार्च भरपूर असतो. तळताना तो शिजून मऊ होतो, आणि थंड व्हायला लागला की पुन्हा घट्ट बसायला लागतो. कढईतून काढलेला तुकडा पाच मिनिटं ताटलीत राहिला तर बत्त्याखाली फुटतो, दबत नाही. त्यामुळे ठेचण्याचं काम तुकडे वाफाळते असतानाच उरकावं लागतं. दगडी खल किंवा लोखंडी खलबत्ता तुकड्यांची उष्णता ओढून घेतो. लाकूड ओढत नाही. लोखंडाची दुसरीही अडचण आहे. कच्च्या केळ्यातली टॅनिन लोखंडाशी लागली की काळी पडतात. विळीवर कच्ची केळी चिरून ज्यांची बोटं आणि विळी काळी झाली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. गोळा राखाडी दिसतो आणि चवीलाही किंचित धातू लागतो.

दगडी खल असेल तर मात्र काम भागू शकतं. त्यात उकळतं पाणी भरून दहा मिनिटं ठेवा, ओता, कोरडा पुसा आणि लगेच वापरा. खोली पुरेशी हवी, नाहीतर पहिल्याच घावाला गरम तेलाचे तुकडे ओट्यावर. ॲल्युमिनियमचा छोटा पिलोनही त्याच फळीवर मिळतो; पोर्तो रिकोत तो लसूण आणि मसाला ठेचायला वापरतात आणि तेवढ्यापुरता तो झकास आहे. मोफोंगोला लहान पडतो. प्लॅस्टिकच्या पिलोनाबद्दल इतकंच की तो वजनाला हलका, त्यामुळे एका हातानं धरून ठेवावा लागतो आणि दुसऱ्या हाताचा जोर अर्धा वाया जातो.

दुकानात पिलोन हातात घेतल्यावर काय बघायचं? सगळ्यात आधी वाटीचं तोंड. आतून 12-13 सेंटिमीटर रुंद आणि 9-10 सेंटिमीटर खोल असेल तर एका मोठ्या प्लँटेनचे तुकडे एका वेळी मावतात. पर्यटकांसाठी ठेवलेल्या, वर ‘पोर्तो रिको’ असं कोरलेल्या पिलोनांची वाटी बहुतेक वेळा याच्या निम्मीच असते. हॉटेलात मोफोंगो ज्यात वाढून आणतात तेही पुष्कळदा वाढण्याचंच भांडं असतं, त्यात कुटलेलं नसतं. मग तळ बघा. आतून गोलाईदार हवा. सपाट तळ असला की कडेच्या कोपऱ्यात तुकडे दडून बसतात आणि मधलेच पुन्हा पुन्हा कुटले जातात. मध्ये चिकट, कडेला कच्चे, असा गोळा होतो. वाटीच्या तळापासून कंबरेपर्यंत निदान तीन सेंटिमीटर भरीव लाकूड हवं. कंबर फार नाजूक कोरलेली असेल तर तो नग परत ठेवा, तडा तिथूनच जातो.

बत्त्याला पोर्तो रिकोत मासेता म्हणतात. त्याचं डोकं वाटीच्या तोंडाच्या साधारण निम्मं, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर हवं. बारीक डोक्याचा बत्ता तुकड्यांना भोकं पाडतो, दाबत नाही. लांबी अशी की मूठ वाटीच्या काठाच्या वर राहील. तळलेल्या केळ्याची वाफ मुठीवर येते, आणि ती चांगलीच भाजते.

लाकूड जितकं घट्ट तितकं चांगलं. जुने पिलोन आणि विशेषतः बत्ते ग्वायाकानचे असत. हे लाकूड इतकं जड की पाण्यात टाकलं तर बुडतं. आता या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत, त्यामुळे नवीन पिलोनावर ‘अस्सल ग्वायाकान’ लिहिलेलं दिसलं तर विश्वास ठेवण्याआधी उचलून बघा. महोगनी चांगली, बाभळीच्या जातीतलं अकेशियाही चालतं. एकाच ठोकळ्यातून कातलेला नग आणि पट्ट्या चिकटवून केलेला नग यांत पहिला घ्या. चिकटवलेल्याचे सांधे गरम तेल आणि वाफेनं उघडतात. आतल्या बाजूला चकचकीत वार्निश असेल तर सरळ नाही म्हणा. नखानं ओरखडा काढून बघा; पापुद्रा निघाला तर तो उद्या जेवणातही निघणार.

नवीन पिलोन आणला की आधी नुसता ओल्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या. मग स्वयंपाकाच्या लाकडी वस्तूंसाठी मिळणारं मिनरल ऑइल आतून-बाहेरून लावून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. असं दोन-तीनदा. गोडेतेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावायचा मोह होतो, पण ते लाकडात मुरून खवट होतं आणि तो वास नंतर जात नाही. शेवटी मूठभर जाडं मीठ आणि लसणाच्या सात-आठ पाकळ्या घालून कुटा, ते सगळं टाकून द्या. भुसा असेल तर त्याबरोबर निघून जातो आणि आतला पृष्ठभाग दाबून बसतो.

आता प्रत्यक्ष मोफोंगो. तीन मोठी प्लँटेन घेतली तर तिघांचं होतं. साल गडद हिरवी हवी, एकही पिवळा डाग नको. पिकायला लागलेल्या केळ्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते, मग तळताना बाहेरून करपतं, आत मऊ राहतं आणि गोळा गोडसर होतो. हाताला तेल लावा, चीक चिकटतो. दोन्ही टोकं कापा, सालीच्या कडांवरून उभ्या चिरा द्या (गराला सुरी लागू देऊ नका) आणि अंगठ्यानं साल आडवी उचकटत काढा. अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून त्यात 15 मिनिटं ठेवा. काळी पडत नाहीत आणि मीठ आतपर्यंत जातं. त्यानंतर फडक्यावर अगदी कोरडे करा. इथं घाई केली की कढई अंगावर उडते.

तेल 170 अंश सेल्सिअसच्या आसपास. तुकडे बुडतील एवढं तेल नसलं तरी निम्म्यापर्यंत हवं आणि मधूनमधून उलटत राहायचं. दहा-बारा मिनिटांत फिकट सोनेरी होतात, सुरी सहज आत जाते. लाल-तपकिरी रंग येऊ देऊ नका. तोस्तोनेससारखा (चपटे करून दोनदा तळलेले प्लँटेनचे काप) कुरकुरीत कवच असलेला तुकडा इथं नको आहे. ते कवच ठेचलं जात नाही, गोळ्यात काड्यांसारखं टोचत राहतं. फार तापलेल्या तेलात हेच होतं. थंड तेलात टाकले तर तुकडे तेल पितात आणि ठेचल्यावर गोळ्यातून तेल पाझरतं. थर्मामीटर नसेल तर लाकडी चमचा बुडवून बघा: भोवती बारीक बुडबुडे हळू पण सतत यायला हवेत.

तळण चालू असतानाच पिलोनात लसूण तयार करा. एका प्लँटेनला दोन पाकळ्या, पाव चमचा मीठ, एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल. मीठ आधी, मग लसूण, मग तेल. तेल आधी घातलं तर पाकळ्या बत्त्याखालून निसटतात. कच्च्या लसणाचा उग्रपणा नको असेल तर तेल आधी कोमट करा, पण लसूण परतू नका. पाकळ्यांची पेस्ट झाली की अर्धी काढून बाजूला ठेवा, शेवटी गोळ्यात वरून मिसळायला.

तळलेले तुकडे कागदावर क्षणभर टेकवले की थेट पिलोनात, अर्धे-अर्धे. बत्ता सरळ वर-खाली मारा. घोटू नका. ठेचणं आणि घोटणं यांतच मोफोंगो होतो किंवा बिघडतो. पहिल्या अर्ध्याचे दहा-बारा घाव झाले की चिचारॉनचे दोन मोठे चमचे चुरून घाला, उरलेले तुकडे घाला आणि पुन्हा दहा-बारा घाव. कोरडं वाटलं तर गरम रस्सा चमचा-चमचा करत घाला. दोन चमच्यांत काम होतं. पाणी नको, थंड रस्सा तर नकोच. मग पिलोनाच्या कडेनं दाबून आत घुमटासारखा आकार द्या आणि ताटलीत उलटा करा. पाणी पिलेला किंवा नीट तेल न लावलेला पिलोन इथं गोळा सोडत नाही. दुसरं प्लँटेन तळून होईपर्यंत पहिला गोळा झाकून ठेवा. तिन्ही एकदम तळून मग कुटायला बसलात तर तिसरा गोळा दगड होणार, त्यात पिलोनाचा दोष नाही.

शाकाहारी घरात चिचारॉन वगळायचा. त्याच्या जागी कुरकुरीत काहीतरी हवंच, नाहीतर एकसुरी लागतं. लसणाचे काप तेलात मंद आचेवर सोनेरी तळून घातले तर बरं जमतं. चरबीचं काम ऑलिव्ह तेल करतं, पण प्रमाण थोडं वाढवा. अळंबी, कांदा, टोमॅटो आणि भरपूर कोथिंबिरीचा पातळ रस्सा सोबत द्या. पोर्तो रिकोतही चिचारॉनशिवायचा मोफोंगो होतो, त्यात बाटवण्यासारखं काही नाही.

या भांड्याचा आकार असाच का, याचं उत्तर अटलांटिकच्या पलीकडे आहे. केळं मुळात आग्नेय आशियाकडचं. हिंदी महासागरामार्गे ते आफ्रिकेत गेलं, आणि मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या पावसाळी जंगलपट्ट्यात प्लँटेनच्या असंख्य जाती रुजल्या. अमेरिकेत केळं नेण्याचं श्रेय तोमास दे बेर्लांगा या धर्मगुरूला दिलं जातं: 1516, कॅनरी बेटांवरून हिस्पॅनिओला (आज हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक ज्यावर आहेत ते बेट). पण नुसतं रोप आलं म्हणून पदार्थ येत नाही. उकडून उखळात कुटायचं, गोळा बांधायचा, रश्श्यात बुडवून खायचा, ही रीत आली ती ऊसमळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांबरोबर. कॅरिबियनच्या मूळ ताइनो लोकांकडेही लाकडी उखळी होत्याच. डुक्कर, लसूण आणि ऑलिव्ह तेल स्पॅनिश लोकांनी आणलं. 1859 मध्ये छापलेल्या पोर्तो रिकोच्या पहिल्या पाककृती-पुस्तकात मोफोंगो आहे, पण त्यातली प्लँटेन उकडलेली आहेत, तळलेली नव्हेत. मांसाबरोबर शिजवून, ठेचून, गोळा करून रश्श्यात. बेटावरची गुलामगिरी संपली 1873 मध्ये. म्हणजे आफ्रिकी फुफूचा (उकडून कुटलेल्या गोळ्याचा) हा धागा छापील पुस्तकात आला तेव्हा ज्यांनी तो आणला ते अजून मळ्यावर राबत होते.

घानात आजही फुफू कुटतात ती जवळजवळ माणसाएवढ्या लांब मुसळानं, जमिनीवरच्या रुंद उखळात, आणि कामाला दोघं लागतात: एक कुटतो, दुसरा प्रत्येक घावाच्या मधल्या क्षणी ओल्या हातानं गोळा उलटतो. उकडलेलं प्लँटेन आणि कसावा (साबुदाण्याचा कंद), आणि हवा असतो तो लवचीक, ताणला जाणारा गोळा, जो सूपमध्ये बुडवून न चावता गिळतात. त्यामुळे या टेबलावरच्या पिलोनात फुफू करायला जाऊ नका. ज्या चिकटपणाला मोफोंगोत आपण घाबरतो तोच तिथं मुद्दाम आणायचा असतो, आणि त्याला लागणारा जोर या छोट्या बत्त्यात नाही. प्लँटेन फुफूच्या पिठाचे डबे मिळतात. घेण्याआधी मागचे घटक वाचा, अनेकांत बटाट्याची भुकटी आणि कसावाचा स्टार्च असतो. गरम पाण्यात घोटून गोळा होतो खरा, चव मात्र मॅश्ड पोटॅटोच्या वळणावर जाते.

डोमिनिकन मांगूला तर पिलोन लागतच नाही. हिरवी प्लँटेन मिठाच्या पाण्यात 20-25 मिनिटं उकडायची आणि स्मॅशरनं मऊसूत कुस्करायची. लोणी आणि थोडं उकडलेलं पाणी घालत. शेवटी दोन-तीन चमचे थंड पाणी घालून फेटलं तर ताटात जाईपर्यंत घट्ट होत नाही. वर व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कांदा. नाश्त्याला सोबत तळलेलं चीज, सलामी आणि अंडं. पावभाजीचा सपाट स्मॅशर इथं पिलोनापेक्षा चांगला, उकडलेलं केळं वाटीच्या तळाला चिकटून बसत नाही.

इक्वेडोरच्या किनाऱ्यावरचा बोलोन मधला प्रकार: तळलेलं किंवा उकडलेलं हिरवं केळं चरबी आणि चीज किंवा चिचारॉन घालून कुस्करायचं, मुठीएवढा गोळा करायचा, बऱ्याच ठिकाणी तो पुन्हा तळतात. पिलोनात होतो, पण एका वेळी एकच, आणि चीज लाकडात शिरून दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. होंडुरास आणि बेलीझमधल्या गारिफुना लोकांचा हुदुत नारळाच्या दुधातल्या माशांबरोबर खातात. कोकणातल्या माणसाला ते ताट ओळखीचं वाटेल. त्यात हिरव्याबरोबर थोडं पिकलेलं प्लँटेनही कुटतात, आणि उखळ मोठी लागते. युगांडाचं मातोके मात्र प्लँटेनचं नाही, ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली वेगळी केळी. पानात गुंडाळून वाफवतात आणि पानातच दाबून मऊ करतात. कुटायचा प्रश्नच नाही.

देखभालीबद्दल दुकानदार काही सांगत नाही. वापरून झाला की लगेच कोमट पाण्याखाली ब्रशनं घासा, पुसा, तिरका उलटा ठेवून सावलीत वाळवा. सिंकमध्ये भिजत टाकला किंवा डिशवॉशरमध्ये घातला तर काठापासून उभी चीर पडणार. लसणाचा वास बसला तर जाडं मीठ आणि अर्धं लिंबू चोळा. यातच हळद किंवा लाल तिखट कुटू नका, पुढचे तीन-चार मोफोंगो पिवळे होतील.

मुंबई-पुण्यात करायचं असेल तर आधी केळ्याचं बघा. बाजारातली नेहमीची भाजीची कच्ची केळी इथं चालत नाहीत. त्यांत पाणी जास्त, तळली तरी ठेचताना लगदा होतो. नेंद्रन घ्या. माटुंग्यात किंवा कुठल्याही केरळी दुकानात ‘चिप्ससाठी कच्ची द्या’ म्हणून मागा. वसईकडची राजेळी कच्ची मिळाली तर तीही जमते, फक्त मिळणं कठीण, कारण ती पिकवून सुकेळ्यांकडे जाते. पिलोन बाहेरून मागवला तर कुरिअरचा खर्च वस्तूएवढा होतो. त्यापेक्षा कातकाम करणाऱ्याला वरची मापं देऊन बाभळीचा किंवा शिसवीचा एकसंध ठोकळा कातून घ्या. सावंतवाडीच्या कारागिरांकडून करून घेणार असाल तर दोन गोष्टी आधी स्पष्ट करा: खेळण्यांना वापरतात तो हलका पांगारा नको, आणि आतल्या बाजूला लाखेचा रंग अजिबात नको. पावसाळ्यात असा पिलोन बंद कपाटात ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो; ओट्यावर उघडाच राहू द्या.